विश्लेषण : एका क्रूझर बाइकचे मडगार्ड दुसरीला बसते का? बसलेच तर कायद्याला चालते का?

रॉयल एन्फील्डच्या ‘क्लासिक’ला ‘मीटिऑर’चे मडगार्ड, बजाजच्या ‘अ‍ॅव्हेंजर स्ट्रीट’ला ‘क्रूझ’चे, जुन्या बुलेटला मागून कापलेले ‘बॉबर’ मडगार्ड. पुण्यातील नाना पेठ असो, मुंबईतील कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की दिल्लीतील करोलबाग, दुचाकींच्या सुट्या भागांच्या बाजारात अशी अदलाबदल अर्ध्या तासाचे काम समजली जाते. चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. सायलेन्सर बदलला की आवाज होतो, पोलीस अडवतात, जप्त सायलेन्सरवर रोड रोलर फिरतानाचे व्हिडीओही येतात. मडगार्ड मात्र गुपचूप बसते. त्यामुळे ते निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात चाक, शॉकअप, ब्रेकची वायर, मागचा दिवा, नंबरप्लेट आणि मागे बसणाऱ्याचे वजन हे सगळे या एका पत्र्यापाशी एकत्र येते. ‘एकाच कंपनीची, एकाच इंजिनची गाडी आहे, बसेल’ हा हिशेब बऱ्याचदा चुकतो.

मडगार्ड कापण्याची हौस आली कुठून?

अमेरिकेतून. १९३० आणि ४०च्या दशकांत तिथल्या हौशी चालकांनी जड हार्ले आणि इंडियन बाइक हलक्या करण्यासाठी पुढचे मडगार्ड काढून टाकले आणि मागचे अर्ध्यातून कापले. आखूड शेपटीच्या घोड्याला इंग्रजीत जो शब्द वापरतात, त्यावरून या गाड्यांना ‘बॉबर’ हे नाव पडले. म्हणजे बॉबर हा प्रकारच मुळात मडगार्डवरून ओळखला गेला. याच्या उलट टोकाला इंडियन कंपनीने १९४० च्या मॉडेलला चाक जवळजवळ झाकणारी घेरदार मडगार्डे दिली आणि तीच पुढे त्या ब्रँडची ओळख ठरली. क्रूझर बाइकचे रूप इंजिनाइतकेच मडगार्ड ठरवते, हे कंपन्यांना तेव्हापासून ठाऊक आहे. १९७१ मध्ये हार्ले-डेव्हिडसननेच मोठ्या एफएलएच मालिकेच्या सांगाड्याला स्पोर्टस्टर मालिकेचा पुढचा भाग जोडून ‘एफएक्स सुपर ग्लाइड’ विकायला काढली. गॅरेजमध्ये चालणारी मिसळ कारखान्यातून बाहेर पडली ती तेव्हा.

भारतात ‘कावासाकी बजाज एलिमिनेटर’ २००१ मध्ये आणि ‘अ‍ॅव्हेंजर’ २००५ मध्ये आली. त्यानंतर परवडणाऱ्या क्रूझरचा वर्ग तयार झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रॉयल एन्फील्डने गोव्यातील मेळाव्यात ‘गोअन क्लासिक ३५०’ सादर केली. आखूड मडगार्ड, उंच हँडल, पांढऱ्या पट्ट्याचे टायर आणि काढता येणारी मागची सीट असलेली ही बाइक गोव्यात सजवल्या जाणाऱ्या जुन्या बुलेटवरून प्रेरित असल्याचे कंपनी सांगते. गॅरेजवाला जे कापून बनवतो, ते आता शोरूममध्ये मिळते. साहजिकच साध्या ‘क्लासिक’च्या मालकाला प्रश्न पडतो की, तेच मडगार्ड आपल्या गाडीला का लावू नये? इंजिन तेच, ३४९ सीसीचे.

टायरचा आकार नेमका कसा वाचायचा?

बहुतेक जण रिमचा इंच पाहतात. मडगार्डला मात्र रिम दिसत नाही, त्याला टायरची बाहेरची कड दिसते. टायरवर ‘१२०/८०-१८’ लिहिलेले असते, तेव्हा १२० ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ८० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या ८० टक्के आणि १८ हा रिमचा व्यास इंचांत. उंची झाली ९६ मिमी. १८ इंच म्हणजे ४५७ मिमी. त्यात वरची-खालची मिळून १९२ मिमी धरली की चाकाचा पूर्ण व्यास साधारण ६४९ मिमी येतो. सध्याच्या ‘क्लासिक ३५०’चे मागचे चाक हे असे.

‘मीटिऑर ३५०’चा मागचा टायर १४०/७०-१७ आहे. त्याच हिशेबाने व्यास ६२८ मिमी. ‘गोअन क्लासिक’चा मागचा टायर १३०/९०-१६, व्यास ६४० मिमी. म्हणजे रिम दोन इंचांनी लहान असूनही ‘गोअन’चे चाक ‘क्लासिक’च्या चाकापेक्षा व्यासात जेमतेम नऊ मिलिमीटरने कमी आहे. रिम एकाच इंचाने लहान असलेल्या ‘मीटिऑर’चे चाक मात्र २१ मिमीने कमी. इंच पाहून मडगार्ड घेणारा इथेच फसतो.

आता ‘मीटिऑर’चे मागचे मडगार्ड ‘क्लासिक’वर चढवले असे समजू. ते कमी व्यासाच्या चाकासाठी वळवलेले आहे. ‘क्लासिक’चे चाक त्रिज्येत दहा मिमीने मोठे, त्यामुळे कारखान्याने ठेवलेल्या मोकळ्या जागेतून एक सेंटीमीटर गेलाच. उलट अदलाबदल केली तर उंचीला जागा मिळते, पण १२० मिमीच्या टायरसाठी बनवलेल्या पत्र्यात १४० मिमीचा टायर बसवावा लागतो आणि दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिमी कमी पडतात. सर्व्हिस स्टँडवर गाडी उभी असताना चाक मोकळे फिरते आणि मेकॅनिक ‘बसले’ असे सांगतो. हे फिरणे रिकाम्या, स्थिर गाडीचे असते.

होंडाच्या ‘हायनेस सीबी३५०’ आणि ‘सीबी३५०आरएस’ या जोडीतही हेच दिसते. पुढचा टायर दोन्हींचा १००/९०-१९. मागे एकीला १३०/७०-१८, दुसरीला १५०/७०-१७. पुढे मेळ, मागे २० मिमीची तफावत.

अदलाबदल खरोखर सोपी असलेली उदाहरणेही आहेत. ‘अ‍ॅव्हेंजर २२०’ची क्रूझ आणि स्ट्रीट ही दोन रूपे त्यांतली. दोन्हींना पुढे ९०/९०-१७ आणि मागे १३०/९०-१५ टायर. सांगाडाही तोच, फरक मुख्यतः हँडल, रंग आणि क्रोमचा. अशा जोडीत प्रश्न रंग जुळण्याचाच उरतो.

उलट, नाव सारखे असले म्हणून भाग सारखे असतील असे नाही. २०२१ मध्ये आलेली ‘क्लासिक ३५०’ नव्या सांगाड्यावर बांधलेली आहे. त्याआधीच्या ‘क्लासिक’शी तिचे नाव आणि चेहरा जुळतो, सांगाडा नाही. सेकंडहँड बाजारात ‘क्लासिकचे मडगार्ड’ एवढेच सांगून विकला जाणारा माल नेमक्या कोणत्या ‘क्लासिक’चा, हे वर्ष आणि पार्ट नंबर पाहिल्याशिवाय कळत नाही.

पुढचे मडगार्ड जास्त धोक्याचे का?

‘क्लासिक ३५०’, ‘मीटिऑर ३५०’ आणि ‘सुपर मीटिऑर ६५०’ या तिन्हींचा पुढचा टायर एकच, १००/९०-१९. मग मडगार्ड एकमेकांत बसायला हवे. पण पहिल्या दोन बाइकना ४१ मिमीचा साधा टेलिस्कोपिक फोर्क आहे आणि ‘सुपर मीटिऑर’ला ४३ मिमीचा उलटा, म्हणजे अपसाइड डाउन फोर्क. साध्या फोर्कमध्ये जाड नळी खाली असते आणि मडगार्डचे बोल्ट तिच्यावर येतात. उलट्या फोर्कमध्ये जाड नळी वर आणि बारीक दांडी खाली, त्यामुळे मडगार्ड धरण्याची जागा थेट चाकाच्या आसाजवळच्या भागावर असते. दोन नळ्यांमधले अंतरही वेगळे. टायर जुळूनही मडगार्ड जुळत नाही ते यामुळे. मग पट्टी वेल्ड करून, वायसर घालून, भोक कानसून ते ‘बसवले’ जाते.

साध्या फोर्कच्या बऱ्याच बाइकमध्ये मडगार्डच्या आतली पोलादी कमान दोन नळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. वळणावर किंवा जोरात ब्रेक दाबल्यावर दोन नळ्यांनी वेगवेगळे पिळले जाऊ नये, हे काम ती करते. तिच्या जागी नुसते फायबरचे मडगार्ड लावले तर दिसायला फरक पडत नाही, पण वेगात हँडल सैल वाटू लागते. चालक टायरला किंवा बेअरिंगला दोष देत बसतो.

पुढचे मडगार्ड चाकाबरोबर वर-खाली होते, त्यामुळे टायर आणि पत्रा यांतले अंतर फारसे बदलत नाही. बदलते ते मडगार्डचा माथा आणि फोर्कची खालची ‘टी’ किंवा इंजिनापुढची सांगाड्याची नळी यांतले अंतर. मूळपेक्षा उंच किंवा घेरदार मडगार्ड लावले आणि खड्ड्यात फोर्क पूर्ण दबला तर ते वर आदळू शकते. तात्पुरत्या पट्टीवर बसवलेले मडगार्ड सततच्या हादऱ्यांनी तडकते. सैल झालेला पत्रा चाकावर टेकला की फिरणारे चाक त्याला ओढून घेते, आणि पुढचे चाक अडकणे म्हणजे काय हे दुचाकीस्वाराला सांगावे लागत नाही.

त्यात वायरींची भर. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस बंधनकारक आहे. चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरची बारीक वायर आणि ब्रेकचा होज चाकाच्या अगदी जवळून जातात, आणि त्यांना धरणाऱ्या क्लिप अनेकदा मडगार्डच्या ब्रॅकेटवरच असतात. नव्या मडगार्डला ती क्लिप नसेल तर प्लॅस्टिकच्या पट्टीने वायर बांधली जाते. ती टायरला घासू लागली, तर पहिली सूचना मीटरवरच्या एबीएसच्या दिव्याची मिळते. ब्रेक होज घासत असेल तर सूचना देणारा दिवाही नाही.

मागे काय बदलते?

मागचे मडगार्ड सांगाड्याला धरलेले असते आणि चाक स्विंगआर्मवर, ज्याला गॅरेजवाले चिमटा म्हणतात, त्यावर हलते. म्हणजे इथे टायर आणि पत्रा यांतले अंतर सतत कमी-जास्त होते. दोन माणसे, बॅगा आणि घाटातला खड्डा हे एकत्र आले की शॉकअप पूर्ण दबतो आणि चाक सर्वात वर येते. वर सांगितलेला एक सेंटीमीटर मोजला जातो तो त्या क्षणी. शिवाय चेन ताणताना आस मागे सरकतो, त्यामुळे नव्या चेनला मोकळे असलेले चाक जुन्या चेनला मडगार्डच्या मागच्या कडेजवळ येते.

मागे बसणाऱ्याचे वजनही कुठे जाते ते पाहायला हवे. अनेक क्रूझर आणि रेट्रो बाइकवर मागची सीट मडगार्डवर टेकलेली असते आणि मडगार्ड दोन बाजूंच्या जाड पट्ट्यांवर. ग्राइंडरने मडगार्ड आखूड करताना या पट्ट्याही कापल्या, तर जे उरते ते फक्त चिखल अडवण्यापुरते राहते. त्यावर माणूस बसवण्याची त्याची ताकद कोणी मोजलेली नसते. चिखल अडवण्याचे कामही अर्धेच होते. कोकणातल्या पावसात आखूड मडगार्डची बाइक चालवणाऱ्याच्या पाठीवर उमटणारा तांबडा पट्टा तेच सांगतो. मागच्या दिव्यावर बसणारा चिखलाचा थर त्याहून गंभीर, कारण मागून येणाऱ्या ट्रकचालकाला तो दिवाच दिसायचा असतो.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ तर इथे थेट लागू पडतो. मागे बसण्याची सोय असलेल्या बाइकला कायमस्वरूपी पकड, पाय ठेवण्याची जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षण हवे, असे तो सांगतो. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत हा हेतू. साडी गार्ड म्हणतात ते हेच. बॉबर रूपासाठी पहिल्यांदा काढून फेकले जाते ते साडी गार्डच. ओढणी किंवा पदर चाकात जाऊन होणारे अपघात भारतात नवे नाहीत, तरीही ‘लुक बिघडतो’ हे कारण गॅरेजमध्ये पुरेसे मानले जाते.

कायदा नेमके काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील म्हणजे आरसीमधील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. ‘बदल’ या शब्दाचा खुलासाही कलमात आहे. वाहनाच्या रचनेत असा बदल, ज्यामुळे त्याचे मूळ वैशिष्ट्य बदलते. केरळमधील एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम काटेकोरपणे वाचले. केरळ उच्च न्यायालयाने राज्याच्या नियमांच्या आधारे बदलांना दिलेली मोकळीक न्यायालयाने रद्द केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार, बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

मग मडगार्ड हे ‘मूळ वैशिष्ट्य’ आहे का? आरसीमध्ये मडगार्डचा रकाना नाही. रंग, आसनक्षमता, वजन, चाकांमधले अंतर, इंजिन आणि चासी क्रमांक यांची नोंद असते. त्यामुळे त्याच रंगाचे, त्याच मापाचे मडगार्ड बदलल्याने आरसीतील काही बदलत नाही. दोनजणांच्या बाइकची मागची सीट काढून एकट्याचे बॉबर मडगार्ड बसवले की आसनक्षमतेला धक्का लागतो. पूर्ण गाडीचा रंग बदलला तर आरटीओत नोंद लागते. या दोन टोकांच्या मधे मोठा धूसर पट्टा आहे आणि त्यात निर्णय रस्त्यावरचा पोलीस किंवा आरटीओतील निरीक्षक घेतो.

‘गोअन क्लासिक’चे आखूड मडगार्ड चालते, कारण ती पूर्ण बाइक त्या मडगार्डसह, त्या दिव्यासह आणि त्या टायरसह नियम १२६ खाली तपासून मंजूर झालेली असते. पुण्यातील एआरएआयसारख्या संस्था ही तपासणी करतात. मंजुरी पूर्ण गाडीला असते, सुट्या पत्र्याला नाही. तोच पत्रा दुसऱ्या मॉडेलवर गेला की त्याची मंजुरी त्याच्याबरोबर जात नाही.

पोलिसांना आधी काय दिसते?

नंबरप्लेट. दुचाकीची मागची प्लेट २०० बाय १०० मिमीची आणि पुढची २८५ बाय ४५ मिमीची. मागची बहुतेक वेळा मडगार्डवर किंवा त्याच्या ब्रॅकेटवरच असते. एप्रिल २०१९ नंतरच्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, सुरुवातीपासून आहे. त्याआधीच्या वाहनांना ती बसवण्यासाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये अनेकदा मुदतवाढ द्यावी लागली. ही प्लेट अशा स्नॅप लॉकने बसवतात, जे एकदा काढले की तुटते आणि पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे मागचे मडगार्ड बदलायचे तर लॉक तोडावे लागते. नंतर तीच प्लेट साध्या स्क्रूने लावली तर ती नियमाप्रमाणे बसवलेली नसते. रांग लावून बसवलेली प्लेट महिनाभरात मडगार्डच्या हौसेपायी निघते, हे चित्र पुढे बरेच दिसेल. तिरकी, मडगार्डखाली दुमडलेली किंवा चाकाच्या बाजूला लावलेली प्लेट तर थेट चलनाला निमंत्रण.

विमा आणि वॉरंटीचे काय?

विमा कंपनीकडे नोंद असते ती कारखान्यातून आलेल्या गाडीची. बाहेरून लावलेला आणि न कळवलेला भाग अपघातात मोडला तर त्याचे पैसे मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. बदललेल्या भागामुळेच अपघात झाला असे सर्व्हेअरच्या तपासणीत दिसले, तर वाद त्या भागापुरता राहत नाही. वॉरंटीत वायरिंग हा कळीचा मुद्दा. मागचा दिवा आणि इंडिकेटर दुसऱ्या मॉडेलचे असतील तर कपलर जुळत नाहीत. वायर कापून जोड दिला जातो आणि पुढे विजेशी संबंधित कोणतीही तक्रार कंपनी त्या जोडाकडे बोट दाखवून नाकारू शकते. कंपनीच्याच अधिकृत अ‍ॅक्सेसरीज डीलरकडून त्याच मॉडेलसाठी बसवून घेणे हा त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग. महाग पडतो, हेही खरे.

जर्मनीत ही कोंडी वेगळ्या तऱ्हेने सोडवली आहे. तिथे सुट्या भागाला स्वतंत्र मंजुरी मिळू शकते. कोणत्या मॉडेलवर तो चालेल, हे त्या कागदावर लिहिलेले असते. काही भागांसाठी तो कागद गाडीत ठेवणे पुरेसे असते, इतरांसाठी टीयूव्ही किंवा डेक्रासारख्या संस्थेकडून बसवलेला भाग तपासून घ्यावा लागतो. भारतात २०१९च्या दुरुस्तीने केंद्राला रेट्रोफिटिंगच्या अटी ठरवण्याचा अधिकार दिला, आणि अशा मंजूर बदलांमुळे उत्पादकाची वॉरंटी रद्द मानू नये असेही म्हटले. मात्र तपशीलवार नियम दिसतात ते सीएनजी-एलपीजी किंवा इलेक्ट्रिक किटचे. मडगार्ड, हँडल, सीट यांच्यासाठी अशी यादी नसल्याने कानठळ्या बसवणारा सायलेन्सर लावणारा आणि त्याच मापाचे मडगार्ड बदलणारा एकाच कलमाच्या छायेत उभे राहतात. यात गैरसोय होते ती नीट काम करू पाहणाऱ्याची. निष्काळजी माणूस यादी असली तरी पाहणार नाही.

तरीही बदलायचेच असेल तर?

आधी दोन्ही मॉडेलच्या टायरचा बाहेरचा व्यास आणि रुंदी मांडून पाहावी, मग फोर्कचा प्रकार आणि बोल्टच्या जागा. पत्रा कापावा किंवा वेल्ड करावा लागत असेल तर ते मडगार्ड त्या गाडीचे नाही, असे समजावे. मागचे मडगार्ड बसवल्यावर दोन्ही शॉकअप काढून चाक जॅकने पूर्ण वर उचलून पाहिले की खरी मोकळी जागा दिसते. गॅरेजवाला याला कंटाळा करतो, पण पंधरा मिनिटांचे काम आहे. पुढे फोर्क दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून एबीएसची वायर आणि ब्रेक होज कुठे ताणले जातात का, ते पाहावे. नवे भोक पाडले असेल तर कडेला प्राइमर लावावा, नाहीतर एका पावसाळ्यात गंज तिथूनच सुरू होतो. पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत.

काढलेले मूळ मडगार्ड भंगारात देऊ नये. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि नूतनीकरणासाठी गाडी आरटीओ निरीक्षकापुढे उभी करावी लागते. २०११-१२ मध्ये घेतलेल्या बुलेट आणि अ‍ॅव्हेंजर आता त्या रांगेत येत आहेत. बंद झालेल्या मॉडेलचे अस्सल मडगार्ड तेव्हा शोधू गेल्यास नव्यापेक्षा जुन्याचाच भाव जास्त निघतो.